सायकलची किल्ली

लिफाफा तपकिरी होता. टेबलावर ठेवताना
ब्युनोस आयर्सहून आलेल्या बाई म्हणाल्या, सावकाश उघडा.
आईनं आधी त्यांना संत्री दिली.
आमच्या बेया व्हिस्तात दारी आलेल्याला
रिकाम्या हातानं पाठवत नाहीत,
बातमी कसलीही असो.

लिबोरियो, पस्तीस वर्षं तुझ्या थडग्यावर लिहिलेलं होतं
की हा सैनिक फक्त देवाला माहीत आहे.
देवाला काय माहीत असणार?
तू डावखुरा, हे माहीत होतं?
शाळेत स्पॅनिश बोलताना अडखळायचास
आणि झोपेत ग्वारानीत घडाघडा भांडायचास,
दुधावरची साय बोटानं उचलून
मांजराचं नाव पुढे करायचास, हे?

थंडी म्हणजे आमच्याकडे
संत्री गोड होण्यापुरती.
तुझ्याकडे स्वेटरच नव्हता.
बास्क दुकानदाराचा मागून आणला,
बाह्या बोटांच्याही खाली उतरत होत्या.
आई म्हणाली, बरंच झालं, हातमोज्यांचं काम होईल.
तो परत करायचा राहिला.
दुकानदारानं कधी विचारलं नाही, फक्त मरेपर्यंत
आम्हाला पीठ मापापेक्षा जरा जास्त घातलं.

ट्रक हलला तेव्हा तू ओरडून काहीतरी सांगितलंस.
बाबांना ऐकू आलं, गाय सांभाळा.
ती गाय त्यांनी विकली नाही,
म्हातारी होऊन गोठ्यातच मेली.
नेमेसियोला ऐकू आलं, येतोच.
मला काहीच ऐकू आलं नाही.
मी तेरा वर्षांची, तुझ्यावर रुसलेली,
कारण सायकल झाडाला साखळीनं बांधून
किल्ली खिशात घालून चालला होतास तू.

आई तुला मेल्या म्हणायची.
मेल्या, पाय धू. मेल्या, जेवलास का.
त्या दिवशीही रस्त्याच्या मधोमध उभी राहून,
ट्रकच्या धुरात:
मेल्या, किल्ली तरी ठेवून जा!

जूनमध्ये तार आली. संत्री काढणीला आली होती.
त्यानंतर तो शब्द आमच्या घरात
कुणी कुणाला म्हटला नाही.
माझ्या पोरांवर रागावताना ती मध्येच थांबायची,
घासात खडा लागल्यासारखी.

सायकल सहा वर्षं झाडाशी उभी.
सीटमध्ये मुंग्यांनी घर केलं.
मग वादळात छप्पर उडालं, पत्र्यांना पैसे हवे होते,
नेमेसियोनं करवतीनं साखळी कापली.
आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.
तो आता एक्कावन्न वर्षांचा आहे, गुडघे धरून उठतो,
आणि अजून दादा म्हणतो
एकोणीस वर्षांच्या पोराला.

लिफाफ्यात एक कंगवा, अर्धे दात गेलेला.
जपमाळेचे अकरा मणी.
लोकरीचा धागा, रंग सांगता येईना.
आणि ती.

बाई समजावत होत्या: कोणत्या टेकडीखाली, किती खोल,
आईच्या गालाच्या आतून घेतलेल्या लाळेशी
हाडं कशी जुळली.
फोटोत गवत, वारा, पांढरे क्रूस.
आई ऐकत नव्हती.
किल्ली तिनं एप्रनला पुसली,
खिडकीच्या उजेडात धरली, उलटी, सुलटी,
आणि पुन्हा त्या रस्त्याच्या मधोमध असल्यासारखी म्हणाली,
मेल्या.

एवढंच. मग उठली,
दाराशेजारचा खिळा चाचपला.
तिथे हल्ली माझ्या धाकट्याचं दप्तर असतं.
दप्तर जमिनीवर ठेवलं,
किल्ली अडकवली.

बाईंनी विचारलं, आणि कुलूप?
नेमेसियोनं संत्र्यांची पिशवी उचलली,
म्हणाला, चला, गाडीपर्यंत येतो.