आठ सेकंद

सेलूच्या मोंढ्यातल्या बावीस हजार पावत्यांत
एकच माणूस किती नावांनी आलाय, एवढंच शोधायचं होतं.
माझ्या पहिल्या कोडात प्रत्येक नाव
दुसऱ्या प्रत्येक नावाच्या दारात जाऊन विचारायचं,
तूच का मी?
पस्तीस मिनिटं. पंखा, लॅपटॉप, दोघंही तापायचे.
मुंजाजी म्हणायचा, चला चहा घेऊन येऊ, तवर होतंय.

मग मी नावांच्या गल्ल्या पाडल्या
पहिल्या अक्षरावरून.
ग-ची गल्ली, म-ची गल्ली,
कुणी आपली गल्ली सोडायची नाही.
आठ सेकंद.
चहा बंद झाला.

ह्याच दिवसांत वाचनालयातून एक पुस्तक आणलंय,
पुठ्ठा नाही, पहिली सोळा पानं नाहीत,
लेखकाचं नाव त्यांच्यासोबतच गेलं.
कुणा मुनीमजीच्या आठवणी.
रुपये, आणे, पै, तिन्ही रकाने
तो एकदम उतरवायचा, नुसत्या डोळ्यांनी.
आडतीत पैजा लागायच्या.
समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय : खोटं.
त्याखाली दुसरं अक्षर : मी पाहिलंय.

आणि मध्येच एका पानावर तो सांगतो,
उतारवयात मी परत बोट लावून मोजू लागलो.
कारण देत नाही.
पुढच्या ओळीपासून सरकीचे भाव.

परवा मुंजाजीनं दोन पावत्या टेबलावर ठेवल्या.
इस्माईल. यिस्माईल.
"ह्यो एकच हाय. माझ्या समोरच राहतो.
दुसरी पावती मीच लिव्हली, बोलतो तशी.
तुमच्या आठ सेकंदाला घावला न्हाई व्हय?"

इ-च्या गल्लीतून य-च्या गल्लीत
मी वाटच ठेवली नव्हती.
दारोदार फिरणाऱ्या त्या मठ्ठ कोडाला
तो बसल्या जागी सापडला असता.

बोळ काढले गल्लीगल्लीतून. अकरा सेकंद.
तरी शनिवारी रात्री जुनंच लावून दिलं
आणि आम्ही टपरीवर जाऊन बसलो.
मुंजाजी सांगत होता,
कोण बापाचं नाव लावतो, कोण गावाचं,
कोण वारला तरी त्याच्या नावावर तूर येते अजून.

परत आलो तर स्क्रीनवर सतरा जोड्या.
त्यातल्या अकरा मी ऐकून आलो होतो.

पुस्तक मंगळवारी परत करायचंय.
त्या कारण नसलेल्या ओळीशेजारी
समास अजून कोरा आहे.
पेन्सिल शोधतोय,
सगळ्या खणांत, एकेक करून.