तीन बोटं पाणी

वास आधी मला आला.
नंतरही मलाच येत राहिला.
रोहिदासचं नाक दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं ते गेलंच,
फोडणी जळली तरी त्याला मी सांगावं लागतं.
तो म्हणायचा, मनाचे खेळ.
शेजारची फिलूबाय म्हणाली, नदीचा असेल,
ओहोटीला रायबंदरची मांडवी अशीच उघडी पडते.

म्हणून मी कॅलेंडरवर लिहू लागले:
भरती, ओहोटी, आहे, नाही.
एका कोपऱ्यात दुधाचा हिशेब, दुसऱ्यात हा.
महिनाभराने पाहिलं तर
वासाला चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं.

फिनाइल ओतलं. ब्लीचिंग पावडर.
व्हिनेगर आणि सोडा,
दोघे माझ्याकडे बघून फसफसून हसले आणि गेले.
मागच्या मोरीत तर पाणी तुंबलेलंच होतं,
भांडी घासून झाली की पाऊण तास बसून राही
पाहुण्यासारखं, निघतो निघतो म्हणत.
गुन्हेगार समोरच होता, असं मला वाटलं.

रुझार आला मंगळवारी, सायकलवरून,
खांद्यावर तारेचं वेटोळं.
आधी काहीच उघडलं नाही त्याने.
दारात उभा राहिला, डोळे मिटून,
आणि नाक असं वळवलं एकेका खोलीकडे
की मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.
"आहे," तो म्हणाला. "बराच आहे."
मी रोहिदासकडे बघितलं.
त्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

मग रुझारने नीळ मागितली.
मोरीत चिमूटभर टाकून, वर बादली ओतून
आम्ही तिघे मागच्या चेंबरपाशी उकिडवे बसलो.
निळं पाणी आलं, उशिरा, रेंगाळत.
त्यामागून तारेला लागून
नारळाचा चोथा, शेवट्याचे खवले,
गोठलेल्या तेलाची पांढरी गुंडाळी
आणि एक चहाचा चमचा, ज्यावरून
तीन वर्षांपूर्वी मी सुकांतीला नको ते बोलले होते.
चमचा मी धुतला. आणखी काय करणार?
सुकांती आता पलीकडे बेतीला असते, दुसऱ्यांची भांडी घासते.

मोरी घळघळ वाहू लागली.
वास होता तिथेच होता.

"उदबत्ती असेल?" रुझारने विचारलं.
देवापुढची काढून दिली.
ती घेऊन तो प्रत्येक जाळीवर वाकत गेला.
मोरीवर धूर सरळ. बेसिनखाली सरळ.
आमच्या न्हाणीत सरळ.
राहिली ती खोली, जिला आम्ही अजून सुलक्षाची म्हणतो.
बांबोळीच्या हॉस्पिटलात नर्स होती, भाड्याने राहायची,
मे महिन्यात तिची काणकोणला बदली झाली.
तिथली न्हाणी कोरडी, लख्ख.
मी पंधरवड्याने पुसते आणि दार लावून घेते.
त्या जाळीवर धूर उलटा फिरला,
खालून कुणी फुंकर घातल्यासारखा.

"बाय, हांगा उदक ना."

जाळीखाली वाकडी वाटी असते एक.
तिच्यात तीन बोटं पाणी कायम साचलेलं लागतं.
तेच दार, तीच कडी,
पलीकडे गटाराचं सगळं पोट.
कुणी अंघोळ केली नाही की ते पाणी
हळूहळू हवेत निघून जातं, न सांगता.

आणि मी महिनाभर
शिव्या दिल्या त्या साचलेल्याला.

"मोरीचे साडेतीनशे," हात धूत रुझार म्हणाला.
"इथले काही नाही. आठवड्याला तांब्याभर ओता."

दर शनिवारी आता रोहिदास तांब्या घेऊन जातो तिकडे.
ओततो, थोडा वेळ तिथंच उभा राहतो,
मग हाक मारतो, "गेला का गं?"
गेलाय तो केव्हाच, गणपतीच्या आधी.
तरी मी हातातलं ठेवते,
म्हणते, थांब, येते, बघते.