कलम सात

हेडाऊ साहेब अन् निसारभाई,
दोघांचं ठरलं तर्री-पोह्याच्या ठेल्यावर :
'तुह्यं माह्याकडे टाक, माह्यं तुह्याकडे,
मुंबईले कायले पैसे द्याचे बे?'
एक पिवळी फायबर, या गच्चीवरून त्या गच्चीवर.
सहा वर्षं चालली. कागद नव्हता.

निसारभाई फेब्रुवारीत गेले.
मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर,
त्यांच्या जावयाने नवी रॅक बसवली
आणि कोणाची ते न कळलेली एक वायर
काढून, नीट गुंडाळून,
कुलरवर ठेवली.

रात्री दोनला मी ट्रेस लावला.
इतवारीतून मोमिनपुऱ्याला निघालेलं पाकीट
मुंबईला जाऊन परत येत होतं,
चालत गेलं तर दहा मिनिटांची गल्ली.
दवाखान्यातला एक्स-रे
डॉक्टरच्या पडद्यावर बरगड्यांपर्यंतच उतरलेला.
फोन कोणाला करायचा?
माझ्याकडे एकच नंबर होता, निसारभाईंचा.
सवयीने लावलाही.

आता चार पानं आहेत, पाचशेच्या स्टँपवर.
'दोस्तीत लिखापढी आली का दोस्ती सरली,'
हेडाऊ साहेब सही करता करता म्हणाले.
जावई गप्प. कलम सात त्याने दोनदा वाचलं :
जोडणी तोडण्याआधी तीस दिवसांची सूचना,
आणि रात्री-बेरात्री उचलला जाईल असा नंबर.
त्याने स्वतःचा लिहिला,
मग खोडून ऑफिसचा.
'माणूस असते, नसते,' एवढंच पुटपुटला.

फायबरचं टोक कुलरच्या पाण्यात भिजलं होतं.
वीतभर कापून टाकलं,
पुसलं, जोडलं.
दोन मिलिसेकंद.