उणे चौतीस

फॉर्मवर एकच ओळ मोकळी होती:
पदवीनंतर कुठे काम करायला आवडेल?
मारिविकने लिहिलं, बाळंतकक्ष. जोसलिनने, अपघात विभाग.
मी लिहिलं, मानसोपचार,
आणि पेनातली शाई थंडीने आखडली म्हणून
तीच अक्षरं पुन्हा गिरवली.
वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी ठाम दिसते.

आई फोनवर थोडा वेळ गप्प.
मागे बीट चिरल्याचा आवाज.
मग म्हणाली, डार्का, त्यांच्यात राहून
तुलाच काही झालं तर?
आतल्या खोलीतून भाऊ ओरडला,
व्हायचं ते होऊन गेलंय!

वर्गात म्हणतात, तिकडे गेलीस की हात विसरतील,
शीर सापडणार नाही, सुई थरथरेल.
खरं असेल.
तिकडे माझ्या हातांना फारसं काम नसतं.
ते मांडीवर ठेवून नुसतं बसायचं,
एवढं शिकायला मला अख्खा नोव्हेंबर लागला.

सात नंबरच्या खोलीत लॉर्न फ्रीझन.
रुळांकाठच्या उंच धान्यकोठारात
एकतीस वर्षं दुसऱ्यांचा गहू तोलला.
कोठार पाडलं, त्यानंतर कधीतरी
बोलणं थांबलं. नक्की कधी, ते बायकोलाही सांगता येईना.
मी पाठ करून गेले होते
'हो-नाही'वर न संपणारे प्रश्न,
पान दोनशे बारा, चौकटीतले.
ते संपले. माझ्याकडचेच.

अकरा दिवस आम्ही टेबलाशी बसलो.
हजार तुकड्यांचं कुठलंसं तळं,
वर नुसतं आकाश, सगळे तुकडे सारखे.
ते एक उचलत, फिरवून बघत, खाली ठेवत.
मीही तसंच.
एकदा मला एका तुकड्याची जागा दिसली
आणि मी तो बसवला नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
टिपणात हे लिहिलेलं नाही.

बाराव्या दिवशी, पावणेपाचला,
खिडकीबाहेर पार्किंगचे दिवे लागले होते.
प्रत्येक गाडीच्या नाकातून निघालेली वायर
समोरच्या खांबाला जोडलेली.
ब्रँडनच्या हिवाळ्यात इंजिनालाही ऊब द्यावी लागते,
नाहीतर ते हाकेला ओ देत नाही.
तळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले,
"गाडी प्लगला लावलीस का?"

तळाच्या गव्हासारखा आवाज,
कोंदटलेला, पण दाणा शाबूत.

लावली नव्हती. वायर मागच्या सीटवर.
हो म्हणता आलं असतं.
मी म्हटलं, "नाही."
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
ट्रक काट्यावर चढल्यावर
आकड्याकडे पाहत असतील तसं.
"जा मग."

कोट न घालताच पळाले.
उणे चौतीस. नाकातले केस काचेसारखे.
वायर ताठरलेली, वेटोळं सोडीना,
दोनदा हातातून निसटली.
प्लग बसला, तशी बॉनेटवर तळवा टेकून उभी राहिले.
ऊब येतेय की नाही ते लगेच कळत नाही.
आणि बोटंही बधिर.

टिपणात लिहिलं: रुग्ण बोलले. दोन वाक्यं. विषय, माझी गाडी.
डेजार्ले बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"आणि याचा अर्थ?"
मी म्हटलं, अर्थ गाडीच.
त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं,
मग सही केली.

तेराव्या दिवशी ते पुन्हा गप्प.
चौदाव्या दिवशीही.
आकाशाला अजून मोठं भोक.
मी खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले,
आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं,
लावलीय.