शून्यावर

बर्फ आणायचं काम माझं.
सव्वीस वर्षं, दर एप्रिलला, सकाळच्या शाळेत
भंगाळे बाई चिठ्ठी द्यायच्या: बर्फ, पाच किलो.
मी सात घ्यायचो.
कारखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंत
भुसावळचा रस्ता दोन किलो खातो,
हे कुठल्या पुस्तकात नाही.

सुपडू लादीवर टोचा मारायचा.
"मास्तरीनले सांग," म्हणायचा,
"बरफ उधारी धरत नही."
मग लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट, सायकलचं कॅरिअर,
आणि मागे डांबरावर थेंबांची रांग.
शेवटचा थेंब पडेपर्यंत पहिला वाळलेला.
एकदा मालगाडीनं फाटक अडवलं.
अठ्ठावन्न डबे मोजले मी उभ्या उभ्या.
त्या दिवशी बाईंना साडेतीन किलो मिळाला,
त्या काही बोलल्या नाहीत,
फक्त गोणपाट पिळून बघितलं.

प्रयोग तसा साधा.
चंचुपात्रात बर्फाचा चुरा, चुऱ्यात तापमापी,
खाली स्पिरिटचा दिवा. पंखा बंद.
दर मिनिटाला एकानं आकडा वाचायचा,
बाकीच्यांनी वहीत मांडायचा.
शून्य.
शून्य.
खडे कडेनं सुटतायत, एकमेकांवरून घसरतायत,
पोरांच्या कपाळावर घाम,
शून्य.
दर वर्षी एक तरी पोरगं उठणार:
"बाई, तापमापी बिघडली."
बाई याच वाक्यासाठी थांबलेल्या असायच्या.

सांगायच्या, बर्फात कणांनी हात धरलेत एकमेकांचे,
सहा सहा जणांचं कडं, मधली जागा मोकळी,
म्हणून तर तो पाण्यावर तरंगतो.
तुम्ही देताय ती आग पारा चढवायला जात नाही,
ते हात सोडवण्यात जाते.
एका ग्रॅममागे ऐंशी कॅलरी.
तेवढ्या आगीत शून्यावरचं पाणी ऐंशीवर पोचलं असतं,
बोट घातलंत तर भाजलं असतं.
आणि इथे बघा, पारा जागचा हलत नाही.
फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या: अप्रकट उष्मा.
मी मागे उभा राहून दरवर्षी तो शब्द वाचायचो.
मला तो पाठ होता, एवढंच.

ज्या साली द्वारका गेली,
चौदाव्या दिवशी कामावर आलो.
काचा पुसल्या, किल्ल्या मोजल्या,
फुटलेल्या परीक्षानळ्यांची नोंद केली.
स्टाफरूममधून ऐकू आलं,
लोटन घट्ट माणूस हो, बघा, काहीसुद्धा नाही.
बरोबरच होतं. त्यांनी आकडा वाचला होता.
लोक येत होते, ओट्यावर बसत होते,
चहा, खांद्यावर हात, गावाकडच्या गोष्टी,
कुणी काय, कुणी काय देऊन जात होतं,
आणि मी आपला
शून्य.
शून्य.

जुलैत शेजारच्या बेबाबाईनं
कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला.
तिखट लागलं.
तीन महिन्यांत पहिल्यांदा काही तिखट लागलं.
पाणी प्यायला उठलो,
माठापाशीच बसून राहिलो,
अंधार पडेस्तोवर.

आता शाळेत पडदा आहे.
पडद्यावर बर्फ वितळतो, चाळीस सेकंदांत,
गोणपाट लागत नाही.
बाई मुलाकडे नाशिकला गेल्या.
सुपडूचा कारखाना उघडा आहे अजून, लग्नसराईपुरता.

घंटा झाली की वर्ग रिकामा व्हायचा,
दिवा मी विझवायचो.
पात्रात एखादा खडा उरलेला असायचा, नखाएवढा.
मी बोट घालून बघायचो,
खड्याला लावून, मग पाण्याला.
दोघं सारखेच गार. डोळे मिटले तर
कोण कुठला सांगता येत नव्हतं.
मग ते सगळं नेऊन मी
हौदामागच्या कडुनिंबाला ओतायचो,
खड्यासकट.