डावीकडं ओढते

तातेराव मामाची पिकअप माझ्याकडं आली
तेव्हा किल्लीसोबत त्यानं एक वाक्य दिलं :
डावीकडं ओढते थोडी,
तू उजवीकडं धरून राहा.

एवढंच.
कागदपत्रं नंतर मिळाली.

वसमतच्या मोंढ्यात हळद भरायची.
पंचवीस पोती म्हणता म्हणता बत्तीस व्हायची,
मागचे पाटे उलटे वाकायचे, नाक आभाळाकडं,
आणि नाक वर झालं की स्टेअरिंग इतकं हलकं
जसं गाडीला माझ्याशी बोलायचंच नाही.
चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा,
पाचव्या बोटाला एकदम दचकून जागी व्हायची.
साठच्या वर काटा गेला की थरथर
कोपरातून खांद्यात, खांद्यातून दाढांत.
आरशात एकाच मोटारसायकलवर
चार-चार माणसं दिसायची.
(कधी कधी खरंच चार असायची.)

तरी शिकलो.
कुणी पान खायला शिकतं तसं
उजवीकडं धरून राहायला शिकलो.
लग्नाचा सदरा शिवायला गेलो
तर टेलर टेप लावून थांबला,
म्हणाला, उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा,
काय उचलता?

काय सांगणार.

माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलं होतं.
आसनेच्या पुलापुढं एक फाटा लागतो,
एकोणीस वर्षं मामा परतीला तिथं डावीकडं वळायचा.
कुणाकडं, ते मामीनं विचारलं नाही
म्हणून आम्हीही नाही.
गाडीला तीच ओढ लागली असणार,
बैलाला लागते तशी.

गौसभाई मिस्त्रीला हे सांगितलं
तर त्यानं तोंडातली सुपारी थुंकली.
जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं :
खट्. खट्.
"ऐकलं? किंगपिनचे बुश गेले.
मामाला कामून मधी घेतो?
ग्रीस कवा मारलं होतं?"
मी गप्प.
"ग्रीस नाही, मग लोखंडच लोखंडाला खातं.
हौ, माणसाचं बी तसंच है, पण ते माझं काम नाही."

डावी कमान उतरवली. दुसरा पाटा तुटलेला.
त्यानं तुकडा उन्हात धरला :
अर्धी भेग गंजून काळी,
अर्धी नव्या रुपयासारखी लख्ख.
"हे बघ. एवढं लई वर्षांपूर्वी तुटलं.
आणि एवढं आत्ता, तुझ्या हातात."
पोरानं पितळी सळईनं बुश ठोकले.
टाय रॉडच्या मापाला गौसभाईनं सुतळी ताणली
मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत,
एक डोळा मिटला,
काडीपेटीतली काडी आडवी धरून म्हणाला, झालं.

संध्याकाळी बाहेर काढली
आणि सरळ समोरच्या ऊसाच्या ट्रॉलीवर गेलो.
ब्रेक. शिव्या. धूळ.
गाडी नाकासमोर चालत होती,
उजवीकडं मीच धरून बसलो होतो.
गौसभाई मागून पळत आला, हसत, कंबर धरून :
"गाडी झाली रे! तू राहिला.
तुला कुठून ग्रीस मारू?"

आठवडा गेला हात मोकळा व्हायला.
मग एकदा रिकामी गाडी, पुलापुढं कुणी नाही,
म्हणून स्टेअरिंग सोडून बघितलं.
फाटा आला.
गाडी तिकडं बघायलाही तयार नाही,
शहाण्यासारखी सरळ निघाली.
मला का कुणास ठाऊक
वाईट वाटलं.

थांबलो. रिव्हर्स घेतला.
आणि हातानं, पूर्ण हातानं
डावीकडं वळवली.

दोन लिंबं, एक हापसा, पत्र्याचं घर.
अंगणात उकडलेली हळद पसरत बसलेली बाई,
केस निम्मे पांढरे.
तिनं मान वर केली नाही.
इंजिन बंद केलं तेव्हा म्हणाली,
"आवाज बदललाय.
पाटे टाकले व्हय?"