वजनाचा रकाना

प्रिएनायच्या या शेडमध्ये विमान अजून जन्मलेलं नाही.
पंखांच्या नावाने प्लायवूडचे चार तुकडे,
एक मोडकी खुर्ची, जॉयस्टिक, तीन पडदे,
आणि पडद्यांवर नेमुनास नदी,
खरीपेक्षा जरा जास्तच निळी.
काठच्या खांबांवर करकोच्यांची घरटी नाहीत.
सॉफ्टवेअरला ती लागत नाहीत.

सकाळपासून एकोणीस वेळा कोसळलं.
आवाज नाही, धूर नाही.
चित्र थिजतं, मी कळ दाबते,
आणि ते पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी उभं,
आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने.
शेपूट चार सेंटीमीटर लांब. पुन्हा.
सुकाणू बोटभर रुंद. पुन्हा.
विसाव्या वेळी ते गिरकीत शिरलं
आणि आपलं आपण बाहेर आलं,
झोपेत कूस बदलावी तसं.

मागे विदमांतास उभे होते,
चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.
चाळीस वर्षं इथल्या प्रत्येक नव्या विमानात
पहिल्यांदा बसलेला माणूस.
"वजन किती धरलंस, ऐस्ते?"
"तुमचंच. चौऱ्याऐंशी."
"हं. चौऱ्याऐंशीच."
आणि त्यांनी पँट वर ओढली.
पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं,
अजून कडा खरखरीत असलेली.

ते गेल्यावर मी वैमानिकाच्या वजनाचा रकाना उघडला.
चौऱ्याऐंशी खोडले.
सदुसष्ट.
हे दोन आकडे टाइप करायला
मला शेपटीच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुत्वमध्य मागे सरकला, फक्त अंगठ्याच्या रुंदीइतका.
नऊशे मीटरवर गिरकी.
नदी, जंगल, नदी, जंगल,
उलटा पेडल दाबला, स्टिक पुढे रेटली,
जे जे त्यांनीच मला शिकवलं होतं ते सगळं केलं,
नदी, जंगल,
नदी.
चित्र थिजलं.
या वेळी कळ दाबायला हात लवकर उठेना.

रात्रभरात नाकात शिशाची वीट बसवली,
पडद्यावरच, सात किलोंची.
पहाटे ते पुन्हा नीट उडू लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आराखडा उजेडाला धरला.
"नाकात शिसं?"
"बॅटरी हलकी आली यंदा," मी म्हणाले.
चष्मा वर सरकवून
त्यांनी त्या लहानशा काळ्या चौकोनावर बोट टेकलं,
बराच वेळ तसंच ठेवलं.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं,
तो काही चालू होत नव्हता.

"अजून दोन किलो टाक," ते म्हणाले.
"उड्डाण जूनमध्ये आहे ना."